खिडक्यांचा दिवस

लॉर्नाने गाडी पेकनच्या झाडाखाली उभी केली आणि उतरण्याआधी घराकडे नीट पाहिलं. एकही खिडकी उघडी नव्हती.

वारा तर आला होता. रात्रीतूनच उत्तरेकडून आला असणार. सकाळी ऑस्टिनहून निघाली तेव्हा रस्त्याकडेचं गवत सगळं दक्षिणेकडे झुकलेलं दिसत होतं, आणि कोलंबस गावच्या पुलावर तिने काच खाली केली तर हाताला चक्क थंडी लागली. मे महिन्यापासून अंगाला चिकटून बसलेली दमट हवा कुणीतरी ओल्या चादरीसारखी ओढून नेली होती. अशा सकाळी हे घर ओळखू येऊ नये इतकं उघडं असायचं. पुढच्या व्हरांड्यापासून मागच्या पायरीपर्यंत सगळ्या खिडक्या वर, पडदे बाहेर लोंबताहेत, आणि ओव्हनमधल्या कोलाचींचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, खसखशीचा आणि जर्दाळूचा वास पार फाटकापर्यंत.

आज काहीच नाही. भातशेतीच्या मधोमध ते पांढरं लाकडी घर डोळे मिटून बसल्यासारखं दिसत होतं.

तिच्या भावाची, जेराल्डची, पिकअप आधीच आली होती. तो पायरीवर बसला होता, हातात फोन.

"उघडत नाहीये ती," तो म्हणाला. कशी आहेस नाही, प्रवास कसा झाला नाही.

"दार?"

"दार उघडलं गं. खिडक्या. मी हॉलमधली एक वर केली, तर धाडकन खाली आली. बोटं वाचली नशिबाने. काठ्यांची बादली जागेवर नाही. विचारलं तर म्हणते, असेल कुठेतरी."

या घरातल्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, आणि त्यांना वर धरून ठेवणाऱ्या दोऱ्या लॉर्नाच्या जन्माआधीच तुटल्या होत्या. दोऱ्या बदलण्याऐवजी डॅडींनी प्रत्येक खिडकीला एक काठी कापून दिली होती. कुठे झाडूचा दांडा, कुठे फावड्याचा, जेराल्डच्या खोलीत त्याच्या तुटक्या बेसबॉल बॅटचा तुकडा. खिडकी वर उचलायची, खाली काठी टेकवायची. काठ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका पत्र्याच्या बादलीत असायच्या, आणि ती बादली या दिवशी बाहेर निघायची.

कारण वीज विकत घ्यायचा दिवसही हाच असायचा.

टेक्सासात बहुतेक ठिकाणी घरची वीज कुठल्या कंपनीकडून, किती मुदतीच्या कराराने घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. डॅडींचं गणित सोपं होतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, आणि घाम फुटल्यावर वीज घ्यायला जाऊ नये. ऑगस्टमध्ये अख्खं टेक्सास एसी लावून बसतं, जानेवारीत हीटर लावून. तेव्हा विकणारे सांगतील तो भाव. पण मध्येच थोडे दिवस असे येतात की घराला कशाचीच गरज वाटत नाही. खिडक्या उघडल्या की भागतं. तेव्हा बाजारात जायचं. "गरज नसलेल्या गिऱ्हाइकापुढे विकणारा टोपी काढतो," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांचा प्रत्येक करार पानगळीच्या सुमाराला संपेल असाच असायचा. करार संपत आला की ते कॅलेंडर न बघता वाऱ्याची वाट बघायचे. वारा आला की फोन यायचा. "खिडक्या उघडल्यात. या."

मग सगळ्यांनी जायचं. लॉर्नानेही, जिला या सगळ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑस्टिनमध्ये वीज शहराची. निवडायची सोयच नाही. डॅडी तिची ओळख करून देताना म्हणायचे, "ही आमची लॉर्ना. कॉलेजात शिकवते. बिचारीला स्वतःची वीज निवडता येत नाही."

"तू बोलून बघ," जेराल्ड म्हणाला. "तुझं ऐकते."

"माझं कधी ऐकलंय?"

"माझ्यापेक्षा बरं ऐकते."

लॉर्नाने दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं, तोच डॅडी समोर आले. तसं दुसरं काही म्हणता येत नव्हतं. कॉफी, गुडघ्याला लावायचं पुदिन्याचं मलम, ट्रॅक्टरचं ग्रीस, आणि त्याखाली भाताच्या कोंड्याचा तो कोरडा गोडसर वास. जूनमध्ये गेलेला माणूस ऑक्टोबरात दारापाशी उभा. ती तशीच थांबली. मग का ते न कळता तिने मागे वळून दार लावून घेतलं.

"आलीस?" आतून ममाचा आवाज आला. "दार लाव."

"लावलं, ममा."

"नीट लाव. जोर देऊन."

ममा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेकन फोडत बसली होती. छतातल्या जाळ्यांतून हवा घुमत होती. एसी थंड करत नव्हता, नुसता पंखा फिरत होता. ओव्हनच्या झाकणावर दुमडलेला टॉवेल तसाच, कोरडा.

"कॉफी आहे," ममा म्हणाली. "कोलाची नाहीत."

"का गं?"

"ओव्हनने घर तापतं."

"बाहेर स्वेटरची थंडी आहे ममा."

"असेल."

ती वाळली होती. मनगटावरचं घड्याळ पार कोपराकडे सरकलं होतं. पण केस नीट विंचरलेले, ॲप्रनला इस्त्री. लॉर्नाने खुर्ची ओढली आणि तीही फोडायला बसली. कवच फुटायचं तेवढाच आवाज.

जेराल्ड आत आला, दार त्यानेही लावलं, आणि उभ्यानेच बोलायला लागला. इमारती गार ठेवायचं काम करणाऱ्या एका कंपनीत तो मोठ्या जागेवर होता, आणि घरातही मीटिंग असल्यासारखंच बोलायचा.

"ममा, मी सोपं करून ठेवलंय. तीन वर्षांचा करार. भाव बांधलेला, एक वर्षाच्या करारापेक्षाही कमी. रात्री फुकट, शनिवार-रविवार फुकट असली भानगड नाही. पैसे बँकेतून आपले आपण जातील. तू फक्त हो म्हण, मी इथेच बटण दाबतो."

"खिडक्या उघडलेल्या नाहीत."

"खिडक्यांचा आणि याचा काय संबंध?"

"आधी खिडक्या, मग वीज. पद्धत आहे."

"मग उघड ना!"

"नाही उघडायच्या."

"मग करार?"

"नाही करायचा."

जेराल्डने लॉर्नाकडे पाहिलं. "बघ. सकाळपासून हे असं घाण्याच्या बैलासारखं चाललंय. ममा, पुढच्या शुक्रवारी डॅडींचा करार संपतोय. नवीन केला नाही तर ते महिन्याच्या भावावर टाकतील. वाटेल तो भाव, दर महिन्याला निराळा. बाजार चढला की तूही चढलीस."

"बाजारभावाचं तू मला सांगतोस?" ममाने मान वर केली नाही. "त्या बर्फाच्या फेब्रुवारीत कोण बसलं होतं बाजारभावावर? बिल आलं तर तुझ्या यव्होनला वाटलं घराचा हप्ता आहे."

"किती वेळा काढणार आहेस ते?"

"एडविन दरवर्षी काढायचा. यंदा तो नाही, म्हणून मी काढलं."

लॉर्नाला हसू फुटलं. जेराल्डही हसला, आणि मग दोघांचं हसू एकदमच थांबलं. डॅडींच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, तरी कुणी बसलं नव्हतं.

तेवढ्यात दारावर काठीचे ठोके पडले. असे ठोके एकच माणूस देतं.

"टेटा?" जेराल्ड कुजबुजला. "तिला कुणी बोलावलं?"

"मी नाही," लॉर्ना म्हणाली.

ममाने हातातलं पेकन खाली ठेवलं.

टेटा लिलियन म्हणजे डॅडींची थोरली बहीण. टेटा म्हणजे आत्या. जुन्या, चेक भाषेतले जे चार शब्द या घरात उरले होते त्यांतला एक. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या पायरीवरून ती ममाशी एक अक्षर न बोलता उतरली होती, आणि त्यानंतर या घराकडे तिची जुनी ब्यूक गाडी वळली नव्हती. आज वळली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्याखाली झाकलेली ताटली.

"रेडिओवर ऐकलं, वारा आला म्हणून," टेटा दारातूनच म्हणाली. "एडविन फोन करायचा. यंदा कोण करणार? म्हटलं, वाऱ्यानेच बोलावलं समजावं. धर गं लॉर्ना. खसखशीचा रोल आहे. या घरात आज ओव्हन पेटणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"या, लिलियन," ममा म्हणाली. "दार लावून घ्या."

टेटाने दार लावलं नाही. ती हॉलमध्ये उभी राहिली आणि एकेका खिडकीकडे बघत गेली, हजेरी घेतल्यासारखी. लॉर्नाने पुढे होऊन तिच्यामागचं दार लोटलं.

"जूनपासून?" टेटाने विचारलं.

"जूनपासून," ममा म्हणाली.

"म्हणजे त्या दिवशीही नाही, आणि नंतरही नाही."

"टेटा, बसा ना," जेराल्ड म्हणाला. "आपण विजेचं—"

"वीज गेली खड्ड्यात. व्लास्टा, माझ्या भावाला तू वाट दिली नाहीस."

सगळ्यांना ठाऊक होतं ती कशाबद्दल बोलतेय. टेटाच्या आजीने युरोपातल्या मोरावियातून येताना पिसांची गादी, कोबी किसायची फळी आणि ही रीत आणली होती. घरात माणूस गेलं की जवळची खिडकी उघडायची. डोळे मिटण्याच्याही आधी खिडकी. जीव अडकून राहू नये. त्या दुपारी डॅडींचा श्वास थांबला तेव्हा सगळे खोलीतच होते. टेटा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती हळूच म्हणाली होती, "खिडकी." आणि ममा, जिचा हात खिडकीच्या सगळ्यात जवळ होता, तिने म्हटलं होतं, "एसी चालू आहे."

तेवढंच. लॉर्नाला तेव्हा वाटलं होतं, ममाचं डोकं बधिर झालंय, काय बोलतेय तिला कळत नाहीये. कुणी हललं नाही. नंतर माणसं आली, गाडी आली, आणि खिडकी तशीच राहिली.

"बाहेर पारा शंभरच्या वर होता, लिलियन," ममा म्हणाली. "एसी चालू असताना खिडकी उघडायची नाही, हा नियम कुणाचा? माझा? पोरांनी जरा फट ठेवली तर कोण ओरडायचं, 'अख्ख्या काउंटीला गार करायचंय का?' आयुष्यभर त्याचं ऐकलं. शेवटच्या दिवशी मोडू?"

"त्या दिवशी नियम सांगायला तो उरला नव्हता."

"म्हणूनच पाळला."

टेटा खुर्चीवर बसली. डॅडींच्या नाही, शेजारच्या. काठी मांडीवर आडवी घेतली. "मला रात्र रात्र झोप लागत नाही," ती म्हणाली. आवाजातला ताठा अचानक गेला होता. "वाटतं, तो या भिंतींना धडका मारत फिरतोय. लहानपणी गोठ्यात चिमणी शिरली की कशी फिरायची, तसा. वाट सापडत नाही त्याला."

"सापडायला नकोच आहे मला," ममा म्हणाली.

पंखा घुमत होता.

"खरं सांगू? नियम नसता तरी मी उघडली नसती. तुम्ही सगळे आपापल्या घरी गेलात. जायलाच हवं होतं, मी काही म्हणत नाही. पण माझ्याकडे काय राहिलं? दार लावलं की तो असतो. हॉलमध्ये कॉफी. खोलीत ते मलम. कपाटापाशी ग्रीस, किती सांगितलं, ते कपडे शेडमध्ये बदल म्हणून. दुपारी झोपून उठलं की वाटतं, आत्ताच उठून बाहेर गेलाय. पंखा सुरू ठेवते, म्हणजे तो घरभर फिरतो. धडका मारत नाही लिलियन. फिरतो." तिने ॲप्रनवरचे कवचाचे तुकडे एकेक वेचले. "हा वारा आत आला की तासाभरात घर धुऊन निघेल. मग मी काय करू?"

लॉर्नाला आपला हात आठवला, दार लोटणारा. एकदा येताना, एकदा टेटाच्या मागून. कुणी सांगितलं नसतानाही.

जेराल्ड खाली बसला. मघापासून पहिल्यांदाच. "ममा," तो मऊ आवाजात म्हणाला, "म्हणूनच मी म्हणतो. तीन वर्षांचा घे. आत्ता, असाच. खिडक्या राहू देत बंद. तीन वर्षं कुणी वारा आला का विचारणार नाही, कुणी बादली मागणार नाही. तुला हवं तसं राहा."

ममाने त्याच्याकडे पाहिलं. "कुणी विचारणार नाही?"

"कुणी नाही."

"यावंही लागणार नाही तुम्हाला?"

"त्यासाठी नाही यावं लागणार. आम्ही एरवी येऊच की."

टेटाने तोंड फिरवलं होतं. मग ममाने दोन्ही हात ॲप्रनला पुसले. "कर मग," ती म्हणाली. "तीन वर्षांचाच कर."

जेराल्डने फोन उचलला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि लॉर्नाने पाहिलं, ती सुटका त्याच्या स्वतःसाठी नव्हती. आईला एकदाचं काहीतरी देता आलं म्हणून होती. त्यामुळेच पुढचं बोलणं तिला जड गेलं.

"थांब जरा," लॉर्ना म्हणाली.

"आता काय?"

"मागच्या वर्षीचा दिवस आठवतो?"

आठवत सगळ्यांनाच होता. डॉक्टरांनी सांगून झालेलं होतं. डॅडी व्हरांड्यात ब्लँकेट गुंडाळून बसले होते, खिडक्या सगळ्या उघड्या, ममा ओव्हनपाशी. त्यांचे डोळे लवकर थकत म्हणून लॉर्ना शेजारी बसून पडद्यावरचे करार वाचून दाखवत होती. न कळता वाचत होती, एखादी परकी भाषा वाचावी तशी.

"मी डॅडींना म्हटलं होतं, तीन वर्षांचा स्वस्त आहे, तो घेऊन टाका," ती म्हणाली. "म्हटलं, म्हणजे ममाला... पुढचं मला बोलता आलं नाही. त्यांना कळलं. ते म्हणाले, तीन वर्षांचा घेतला तर पुढच्या वर्षी तुम्ही कशाला याल?"

जेराल्डचा अंगठा फोनवर तसाच थांबला.

"मी म्हटलं, येऊच की आम्ही. तूही आत्ता तेच म्हणालास. ते म्हणाले, नाही येणार. मनात असेल, पण नाही येणार. जेराल्डला कामातून सवड होणार नाही. तुला पेपर तपासायचे असतील. आणि मी गेल्यावर लिलियन आणि व्लास्टा एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत. बाराच महिन्यांचा घे. थोडा महाग पडतो. पडू दे."

"असं म्हणाला?" टेटाने विचारलं. "आमचं नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"लहानपणापासून आगाऊ," टेटा म्हणाली, आणि खिशातून रुमाल शोधायला लागली.

"मला नाही कधी सांगितलंस," जेराल्ड म्हणाला.

"कुणालाच नाही."

ते वाक्य तिने वर्षभर जवळ ठेवलं होतं. जून उलटला, उन्हाळा उलटला. ऑस्टिनच्या रिकाम्या संध्याकाळी ती ते एकेक शब्द करून आठवायची, 'पडू दे' म्हणताना हात कसा हलला होता तेसुद्धा. सांगितलं की ते तिचं एकटीचं राहणार नव्हतं. आता ते चौघांचं झालं होतं, आणि तेवढ्यातच जरासं विरळ झाल्यासारखं वाटत होतं.

ममा उठली. आत गेली. कपाटाचं दार करकरलेलं ऐकू आलं. परत आली तेव्हा तिच्या हातात पत्र्याची बादली होती, काठ्यांनी भरलेली, आणि वर डॅडींचा एक निळा शर्ट पांघरल्यासारखा टाकलेला. शर्ट तिने घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. बादली टेबलाशेजारी टेकवली.

"बारा महिन्यांचा बघ, जेराल्ड," ती म्हणाली. "पुढच्या वाऱ्यापर्यंत."

"ममा, नक्की? कारण—"

"घाई करू नकोस. आधी खिडक्या. पद्धत म्हणजे पद्धत."

ती हॉलच्या भिंतीपाशी गेली आणि तिने पंख्याचं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं. जूनपासून चाललेला तो आवाज थांबला. सगळ्यांनी एकदम मान वर केली, जणू कुणीतरी खोलीतून उठून गेलं होतं. मग हळूहळू बाहेरचं ऐकू यायला लागलं. लांब गावाकडे भात वाळवायची यंत्रं घरघरत होती. आणि त्याच्या वरून, उंचावरून, रानहंसांचा कलकलाट. वाऱ्याबरोबर कॅनडातून खाली उतरणारे, मळणी झालेल्या शेतांवर बसायला आलेले, या मोसमातले पहिले.

"आले बघा," टेटा म्हणाली.

खिडक्या उघडायला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक काठी कुणाची ते डॅडींशिवाय कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. फावड्याचा दांडा हॉलचा की पाहुण्यांच्या खोलीचा यावरून जेराल्ड आणि लॉर्ना भांडले, अगदी शाळेतल्यासारखे. बॅटच्या तुकड्याबद्दल मात्र वाद झाला नाही. टेटा खुर्चीतून हुकूम सोडत होती. "उलटी धरलीस. जाड बाजू खाली. एडविन असता तर टपली खाल्ली असतीस." एकेक चौकट वर गेली तसा वारा घरात शिरला. कॅलेंडरची पानं फडफडली. खसखशीच्या रोलवरचं फडकं उडून जमिनीवर पडलं.

ममाने ओव्हन लावला. पीठ भिजवायला आता उशीर झाला होता, म्हणून तिने टेटाचाच रोल गरम करायला आत सरकवला.

"थोडी साखर कमी पडलीय का यात?" तिने वास घेऊन विचारलं.

"खाऊन बोल, व्लास्टा."

मग सगळे टेबलाभोवती बसले, आणि जेराल्ड वाचायला लागला. हा करार एवढ्याला, तो तेवढ्याला. या कंपनीचा तर बघा, काय स्वस्त आहे, हजार युनिटला—

"नऊशे नव्याण्णवला विचार!" तिघी एकदम ओरडल्या.

हे डॅडींचं वाक्य. काही करार असे असतात की बरोबर हजार युनिट जाळले तर मोठी सूट, आणि एकाने जरी कमी पडलात तर गळा कापतात. डॅडी दर वर्षी या जागी टेबलावर हात मारायचे. जेराल्डने आता स्वतःच टेबलावर हात मारला, कॉफी सांडली, आणि त्याचं तो पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

शेवटी एक साधा, बांधलेल्या भावाचा, बारा महिन्यांचा करार सापडला.

"नाव डॅडींचंच येतंय जुन्या खात्यावर," तो म्हणाला. "बदलावं लागेल. काय घालू?"

"काय घालू म्हणजे? माझं नाव विसरलास?" ममाने फोन त्याच्या हातून घेतला, चष्मा वर-खाली केला, आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत स्वतःच लिहिलं. व्लास्टा ऑर्साक. मग खालचं बटणही तिनेच दाबलं. "झालं? एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी तो दिवस घालवायचा," ममा म्हणाली.

घर आता थंड झालं होतं. लॉर्नाने हळूच श्वास घेऊन पाहिला. कापलेलं भात, ओली माती, ओव्हनमधली खसखस. कॉफी होती, पण ती आत्ताची. दुसरं काही हॉलमध्ये राहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं त्याच्या निम्म्या वेळात गेलं होतं.

बादलीत एकच काठी उरली होती. सगळ्यात आखूड. डॅडी-ममांच्या खोलीची. ममाला पहाटे थंडी वाजते म्हणून डॅडींनी ती मुद्दाम एवढीशी कापली होती. त्या काठीवर खिडकी वीतभरच उघडायची.

सगळे त्या काठीकडे बघत होते. ममाने ती उचलली, हातात फिरवली.

"आज वीतभरच," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "त्याच्यापेक्षा जास्त नाही."

"वीतभर पुरे त्याला," टेटा म्हणाली. "शेवटी शेवटी किती बारीक झाला होता."

ममाने चमकून तिच्याकडे पाहिलं. टेटानेही पाहिलं. आणि मग दोघी म्हाताऱ्या हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता ममाने टेटाच्या काठीच्या हाताखाली आपला हात घातला.

"चला लिलियन," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमायचं."

दोघी बोळातून गेल्या, एकमेकींना धरून, एक काठी टेकत आणि एक काठी हातात घेऊन. जेराल्ड जागचा हलला नाही. लॉर्ना मागोमाग गेली आणि खोलीच्या उंबऱ्याशी थांबली.

या खोलीचं दार दिवसभर बंद होतं. इथे अजून सगळं होतं. पुदिना, ग्रीस, कोंडा, उशीला लागलेलं तेल. पलंगाची त्यांची बाजू जरा खोलगट. टेटा जुन्या भाषेत हळू आवाजात काही म्हणत होती. लॉर्नाला त्यातलं फक्त नाव कळलं. ममाने दोन्ही तळवे चौकटीखाली घातले.

लॉर्नाने तोंड मिटलं, नाकाने खोल, पार आतपर्यंत श्वास ओढला, आणि धरून ठेवला.

चौकट एकदा अडली. मग कुरकुरत वर गेली. काठी बसल्याचा 'टक' असा आवाज झाला. पडदा क्षणभर आत फुगला, मग वळला आणि त्या वीतभर फटीतून हळूच बाहेर ओढला गेला, आणि बाहेरच राहिला.

दोघी म्हाताऱ्या खिडकीकडे बघत उभ्या होत्या. दारात लॉर्नाने अजून श्वास सोडला नव्हता.